मेमू लूपला पडली तर: दिवा ते रत्नागिरी, मालगाडीच्या संगतीनं

गाडी मध्येच थांबली की "का थांबली?" हे नंतर विचारा. आधी खिडकीतून बघा, ती कुठल्या रुळावर उभी आहे. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

मी नागोठण्याहून मेमूनं, म्हणजे विजेवरच्या पॅसेंजर गाडीनं, पनवेल गाठते आणि तिथून पुढे कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाते. एका व्यापाऱ्याकडे मालाच्या आवक-जावकीचे कागद बघते. त्यामुळे माझी गंमत अशी, की सकाळी डब्यात मालगाडीला शिव्या घालणाऱ्यांत मी असते आणि दुपारी त्याच मालगाडीची वाट बघणाऱ्यांतही मीच. शेठ विचारतात, "ताई, आपला रेक कुठवर आला?" रेक म्हणजे मालाची अख्खी गाडी. कधीकधी मला काँप्युटर उघडावाच लागत नाही. सकाळी त्यानंच आम्हाला कासूला बसवून ठेवलेलं असतं.

तेव्हा दोन्हीकडून बघून जे कळलंय ते लिहिते. दिवा-रोहा मेमू, दिवा-रत्नागिरी, दिवा-सावंतवाडी अशा सगळीकडे थांबत जाणाऱ्या गाड्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी हे आहे. गाडी लवकर सुटावी म्हणून आपल्या हातात फारसं काही नसतं. पण ती पाच मिनिटांत सुटेल की पाऊण तास बसवेल, याचा अंदाज मात्र बांधता येतो, आणि त्यावर बरंच काही ठरतं: ऑफिसात फोन करायचा का, डबा उघडायचा का, की उतरून एसटी पकडायची.

आधी रूळ कोणाचे ते समजून घ्या

पनवेलला नवा माणूस हमखास चिडतो. शेजारच्या फलाटांवरून लोकल एकामागून एक सुटतायत आणि आपली मेमू हलायला तयार नाही. याचं कारण साधं आहे. हार्बरच्या आणि ठाण्याच्या लोकलना पनवेलपर्यंत स्वतःचे वेगळे रूळ आहेत, तिकडे मालगाडीची लुडबुड नाही. आपण असतो पलीकडच्या बाजूला. दिवा-पनवेल-रोहा हा दुहेरी मार्ग, आणि त्या दोनच रुळांवर मेमू, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि सगळा माल.

हा माल कुठून येतो ते माहीत असलं की पुढचं सोपं जातं. सगळ्यात मोठा ओघ न्हावाशेवा बंदराच्या कंटेनरचा. तो जासईकडून पनवेलला येतो आणि त्यातला बराचसा दिव्याकडे वळतो. तिथून कोपर, भिवंडी, वसई करत गुजरातकडे. दिवा-वसई मार्गावर मेमूनं जाणाऱ्यांचं दुःख आमच्याहून मोठं आहे, कारण तो मार्ग म्हणजे मालगाड्यांचा राजरस्ता आणि मेमू तिथे पाहुणी. पेणला थळची शाखा मिळते. थळच्या आरसीएफ कारखान्याचं खत त्या रुळावरून येतं. त्या शाखेवरून प्रवासी गाडी सोडा, ही अलिबागकरांची मागणी जुनी आहे. मग डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे लागली की गोवा-कर्नाटकाकडे जाणारा माल आणि कोलाडची रो-रो. मालानं भरलेले ट्रक ड्रायव्हरसकट सपाट वाघिणींवर चढवून वेर्णा, सुरतकलपर्यंत नेतात. २६ जानेवारी १९९९ पासून ही सोय चालू आहे. २०२५ च्या गणपतीत तर कोलाड-वेर्णा मोटारींसाठीही रो-रो काढली.

शाखेवरून येणारी मालगाडी मुख्य मार्गाला लागते तेव्हा बऱ्याचदा एका दिशेचा रूळ आडवा कापून जाते. त्यामुळे पनवेल आणि पेण या दोन ठिकाणी आपल्या दिशेला समोर काहीच दिसत नसताना सिग्नल लाल असू शकतो. कोणीतरी आडवं जातंय, एवढंच समजायचं. असा थांबा सहसा लांबत नाही.

थांबा ओळखायचा कसा

मधल्या स्टेशनात दोन प्रकारचे रूळ असतात. सरळ जाणारी मेन लाइन आणि बाजूला फुटून पुन्हा मिळणारी लूप. आत शिरताना गाडीचा वेग एकदम कमी झाला, डबा एका अंगाला झुकला, चाकांखाली सांध्यांची खडखड झाली आणि मग थांबलात, तर तुम्ही लूपला आहात. सरळ, न झुकता येऊन थांबलात तर मेन लाइनला. एक पथ्य: काही स्टेशनांत फलाटच लूपच्या बाजूला असतो, तिथे गाडी रोजच लूपला लागते. आपल्या रोजच्या स्टेशनांत कुठे काय आहे ते एकदा बघून ठेवा.

आता फलाटाच्या टोकाचा सिग्नल बघा. सुटण्याची परवानगी देणारा तो, स्टार्टर. त्याच्यावर नजर ठेवायला दार लागत नाही. इंजिनाकडच्या डब्यांत बसलात आणि रूळ थोडा वळलेला असला तर खिडकीतूनही दिसतो.

लूपला उभं राहण्याची कारणं मुख्यतः दोन, आणि दोन्हींत वेळेचा हिशेब अगदी वेगळा. हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

पहिलं क्रॉसिंग. हे एकेरी मार्गावर होतं. रोहा ते वीर दुहेरीकरण २०२१ मध्ये झालं, त्यामुळे आता हा त्रास वीरच्या पुढे सुरू होतो: खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी आणि खाली सावंतवाडीपर्यंत. समोरून गाडी येणार, ती आपल्या स्टेशनात पोहोचणार, मग तिनं मोकळा केलेला रूळ आपल्याला मिळणार. म्हणजे समोरची गाडी शेपटापर्यंत आत आली की आपली वाट मोकळी. मास्तर सांधे फिरवतो, सिग्नल देतो, दोन-चार मिनिटांत आपण हलतो. क्रॉसिंगमध्ये समोरची गाडी दिसली म्हणजे सुटका जवळ आली.

दुसरं, मागच्या गाडीला पुढे काढणं. दुहेरी मार्गावर आपल्याला लूपला टाकतात ते बहुतेक याचसाठी, आणि लोक फसतात ते इथे. मागून मालगाडी धडधडत निघून जाते, सगळे पिशव्या सावरून बसतात, "चला, सुटली एकदाची." पण गाडी सुटत नाही. कारण या मार्गावर साधारण नियम असा, की दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका रुळावर एका वेळी एकच गाडी. जी पुढे गेली ती पुढच्या स्टेशनाला पोहोचून बाजूला होईपर्यंत, किंवा ते स्टेशन पार करेपर्यंत, आपल्याला सिग्नल मिळत नाही. दोन स्टेशनांत दहा किलोमीटर अंतर धरा, मालगाडी ताशी ५० नं जातेय असं धरा, झाली बारा मिनिटं. वर मास्तरांची देवाणघेवाण. म्हणजे पुढे काढण्याच्या थांब्यात मालगाडी दिसल्यावरही पंधराएक मिनिटं धरायची. मध्ये कुठे जादा सिग्नल लावून तुकड्याचे दोन भाग केलेले असले तर थोडं आधी सुटतो.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: स्टेशनाच्या बाहेरच थांबणं. होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरायची परवानगी देणारा, लाल, दोन्ही बाजूंना शेतं किंवा डोंगराचा कातळ, फलाट नाही. आत आपल्याला घ्यायला रूळच रिकामा नाही, असा याचा अर्थ. इथे अंदाज बांधता येत नाही. उतरूही नका. खडीपर्यंतची उडी मोठी असते आणि शेजारच्या रुळावर काय येतंय ते दिसत नाही.

मालगाडी वाचायला शिका

आमच्या डब्यात सुकटीच्या पाट्या घेऊन पनवेलला जाणारी एक मावशी आहे. ती खिडकीकडे बघतही नाही. मालगाडी नुसती कानावर आली की सांगते, "बाय, भरलेली हाय, पानी पिऊन घे," किंवा "खाली हाय, जाईल झपकन." तिचं सहसा चुकत नाही, आणि त्यात जादू काही नाही. रिकाम्या उघड्या वाघिणी पोकळ खणखणतात, सगळी गाडी डबे आपटल्यासारखी वाजते. भरलेली गाडी कमी वाजते, पण फलाट हादरतो. नुसता घुमणारा, जड आवाज. दिसत असेल तर चाकांच्या वरच्या स्प्रिंगा बघा. रिकाम्या वाघिणीच्या स्प्रिंगा सुट्या, उंच दिसतात. भरलेलीच्या दबून बसलेल्या.

याचा उपयोग काय? रिकामी गाडी वेग लवकर घेते आणि पुढचं स्टेशन लवकर मोकळं करते. कोळशासारख्या मालानं भरलेला उघड्या वाघिणींचा अख्खा रेक पाच हजार टनांच्या पुढे जातो. तो एकदा थांबला की पुन्हा वेग घ्यायला त्याला फार वेळ लागतो, चढावर तर अधिकच. शिवाय लांबी. ५८ वाघिणी, इंजिन आणि गार्डाचा डबा मिळून साडेसहाशे मीटरच्या आसपास. क्रॉसिंगला असा रेक ताशी १५ किलोमीटरनं लूपमध्ये शिरला, तर नुसतं शेपूट आत यायलाच अडीच मिनिटं जातात. इंजिन आपल्या खिडकीसमोरून गेलं म्हणून उठू नका. शेवटच्या डब्यामागे टांगलेली पाटी किंवा लाल दिवा दिसू द्या. मास्तरही तेच बघत असतो. शेवटचा डबा आला म्हणजे गाडी अख्खी आली, मध्ये तुटून काही मागे राहिलं नाही, ही त्याची खात्री.

कंटेनरची गाडी ओळखणं सोपं: ४५ सपाट वाघिणींवर वीस फुटी ९० डबे किंवा चाळीस फुटी ४५. ती त्यातल्या त्यात चपळ. खताची गाडी बंद वाघिणींची. पोलादाच्या कॉइलची गाडी लांबून रिकामी वाटते, कारण जड कॉइल वाघिणीच्या मधोमध एवढीएवढी बसलेली असते. तिला हलकी समजू नका. आणि रो-रो आली की डब्यातली पोरं दाराशी जमतात. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर पाय वर करून पडलेला, समोर आरशाला लिंबू-मिरची, आणि ट्रक स्वतः न चालता साठच्या वेगानं निघालाय.

मग आपल्यालाच का थांबवतात?

कागदावर प्रवासी गाडीचा मान मालगाडीच्या वर आहे. आधी मेल-एक्स्प्रेस, मग पॅसेंजर, मग माल. तरी मेमू लूपला आणि मालगाडी पुढे, हे रोज दिसतं. डब्यात यावर "यांना पैसा प्यारा" असं एका वाक्यात मिटवतात. ते अगदीच खोटं नाही. रेल्वेच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा वाटा, साधारण दोन तृतीयांश, मालातून येतो, आणि आपल्या मेमूचं तिकीट एवढं स्वस्त राहतं ते त्याच्या जिवावर. पण कंट्रोलरच्या, म्हणजे कुठली गाडी आधी सोडायची ते ठरवणाऱ्याच्या, खुर्चीतून बघितलं तर कारणं आणखी आहेत.

जड रेक थांबवून पुन्हा काढण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात मेमू थांबून, सुटून, वेगातही येते. विजेवरची मेमू पटकन पळते. म्हणून एकाला थांबवायचंच तर मेमूला थांबवणं एकूण हिशेबात स्वस्त पडतं. दुसरं, जागा. अख्खा रेक मावेल एवढी मोकळी लूप पुढे नसेल तर त्याला बाजूला टाकणारच कुठे? मेमू कुठेही मावते. तिसरं, मालगाडीच्या चालकाचे ड्यूटीचे तास संपत आले असतील तर त्याला बदलीच्या ठिकाणी पोहोचवावं लागतं, नाहीतर गाडी मधल्याच स्टेशनात रूळ अडवून बसते. ती एकदा बसली की पुढच्या चार प्रवासी गाड्यांची वाट लागते.

चौथं कारण आमच्याकडचं. रेक माल उतरवायच्या जागी लागला की ठरावीक तास फुकट मिळतात, पुढे दर वाघिणीमागे तासाला डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड. हमाल, क्रेन, ट्रक सगळं त्या वेळेला बांधलेलं असतं. रेक दुपारऐवजी रात्री आला की क्रेनवाला निघून गेलेला, ट्रक उभे, आणि शेठचा चेहरा बघवत नाही. एकदा माल उतरवणाऱ्या एका कंत्राटदारानं ऐन वेळी माणसंच पाठवली नाहीत. रात्री साडेनऊला पनवेलच्या फलाटावर बसून मी फोन करत होते आणि शेवटची गाडी सोडायची की नाही याचा विचार करत होते. ते डॅमरेज अजून वादात आहे.

माझं मत विचाराल तर माल रुळावरून जायलाच हवा. एक भरलेला रेक म्हणजे दीडशेच्या वर ट्रक. ते सगळे मुंबई-गोवा रस्त्यावर उतरले तर वडखळ नाक्यावर काय होईल ते पेणकरांना सांगायला नको. माझी तक्रार आहे ती वेळेची आणि जागेची. ऑफिसच्या वेळेला मेमू थांबवायचीच तर पेणला थांबवा, तिथे चहा आहे, रिक्षा आहे. निडीसारख्या आडबाजूला कशाला?

पश्चिमेचा मालवाहतूक मार्ग, दादरी ते न्हावाशेवा, दीड हजार किलोमीटरचा, याच दुखण्यावर काढलेला उपाय आहे. कंटेनरला स्वतःचे रूळ मिळाले की दिवा-वसई आणि दिवा-पनवेलवरचा भार कमी होणार. त्याचा आपल्याकडचा, वैतरणा ते न्हावाशेवा हा तुकडाच सगळ्यांच्या मागे राहिला. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली आणि त्या पट्ट्यात लांब पल्ल्याच्या गाड्या व माल लोकलच्या वाटेतून बाजूला निघाले.

दिवस कसा आखायचा

मोबाइलवर मालगाडी दिसत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. 'व्हेअर इज माय ट्रेन' असो की रेल्वेचं एनटीईएस, त्यात फक्त प्रवासी गाड्या. मालगाड्यांची माहिती फॉइस नावाच्या वेगळ्या यंत्रणेत असते. ती आमच्यासारख्या माल मागवणाऱ्यांना दिसते, ती पण आपल्याच मालापुरती. तरी ॲपचा उलटा उपयोग होतो. गाडी थांबली की मागून येणारी एक्स्प्रेस कुठे आहे ते बघा. वीरच्या पुढे असाल तर समोरून येणारीही बघा. वंदे भारत, जनशताब्दी, तेजस, मांडवी यांपैकी कोणी जवळपास असेल तर थांबा तिच्यासाठी. ती आली-गेली की हिशेब वर सांगितला तसा. कोणीच जवळ नसेल तर समजायचं, माल आहे.

गर्दीच्या वेळी मुंबईच्या जवळ मालगाड्या शक्यतो रोखून धरतात. रोखलेल्या गाड्या नाहीशा होत नाहीत, त्या तळोजा-कळंबोलीच्या आजूबाजूला साचतात आणि गर्दी ओसरली की एकामागून एक सुटतात. त्यामुळे सकाळी लवकरच्या मेमूपेक्षा दहा-साडेदहानंतरची गाडी अधिक रखडते, असा माझा अनुभव. मुलाखत, कोर्टाची तारीख, डॉक्टरची वेळ असेल तर "उन्हं वर आली की निघू" म्हणू नका, पहिली गाडी धरा. पनवेलला किंवा दिव्याला पुढची गाडी पकडायची असेल तर वेळापत्रकातल्या दहा मिनिटांवर विसंबू नका. रिझर्वेशनची गाडी असेल तर मी सरळ एक मेमू आधीची घेते.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. गाड्यांचे वेग कमी, जोराच्या पावसात ताशी ४० वर. पुढे गेलेली मालगाडीही तेवढीच सावकाश जाते, म्हणून मघाची पंधरा मिनिटं पंचवीस धरा. गणपतीत उलट प्रकार: जादा गाड्या एवढ्या, की एकेरी मार्गावर त्यांचंच एकमेकींशी क्रॉसिंग जुळवता जुळवता मास्तरांची दमछाक होते. कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे इथे नवी क्रॉसिंग स्टेशनं झाली म्हणून बरं, पूर्वी याहून जास्त बसायला लागायचं.

पिशवीत पाण्याची बाटली, काहीतरी कोरडं खायला आणि चार्जर. पुढे जास्त काही सांगत नाही.

उतरायचं कधी, आणि कधी नाही

मालगाडीखालून वाकून पलीकडे जाणं बंद करा. मला माहीत आहे, फलाटाला लागून मालगाडी उभी असते, पूल लांब असतो, आणि आपल्याच गावची चार माणसं दोन वाघिणींच्या मधून शिरताना दिसतात. मालगाडी सुटताना भोंगा ऐकू येईलच असं नाही, इंजिन अर्धा किलोमीटर लांब असतं. आधी ब्रेकची हवा सुटल्याचा फुसकारा होतो, मग सांधे ताणले जातात आणि एकेक वाघीण कडाक्‌ करत झटका खाते. तो झटका तुमच्यापर्यंत पोहोचायला काही क्षण पुरतात. रूळ ओलांडण्याबद्दल रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पोरांना आणखी एक सांगा: उभ्या टँकरवर, वाघिणीवर चढायचं नाही. वर २५,००० व्होल्टची तार आहे, आणि तिला हात लावावा लागत नाही, जवळ गेलं तरी ती ओढते. २०२२ पासून कोकण रेल्वेचा सगळा मार्ग विजेवर आला. जुन्या डिझेलच्या दिवसांची सवय असलेले लोक अजून हे विसरतात.

गाडी सोडून रस्ता धरायचा असेल तर स्टेशन बघून ठरवा. पेण, कोलाड, माणगाव, वीर, खेड, चिपळूण इथे महामार्ग जवळ आहे, एसटी किंवा वडाप मिळतं. रोहा महामार्गापासून आत आहे, तिथून कोलाडला यावं लागतं. विन्हेरे, दिवाणखवटी, उक्षी, भोके इथे रात्री उतरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. उक्षी-भोकेच्या मध्ये तर साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे, त्याच्या अलीकडे-पलीकडे गाडी थांबली तर गाडीतच बसा.

साधारण थांब्याला उतरू नये, पंधरा-वीस मिनिटांच्या बदल्यात एसटीत तासभर जातो. पण मार्गच बंद पडला तर लवकर निर्णय घ्या. ३० सप्टेंबर २०२३ ला पनवेल-कळंबोलीच्या मध्ये मालगाडीचे डबे घसरले. अनंत चतुर्दशी नुकतीच झालेली, गणपती करून परतणाऱ्यांनी गाड्या खचाखच भरलेल्या, आणि कोकणच्या गाड्या जागोजागी तासन्‌तास अडकल्या. अशा वेळी "लवकरच सुरू होईल" ही घोषणा ऐकत बसू नका. डबे रुळावर घ्यायला खास गाडी येते, तिला वाट द्यायची, क्रेन लावायची, रूळ आणि तार दुरुस्त करायची. डबे घसरल्याची बातमी पक्की झाली की ते तासांचं नव्हे, निदान अर्ध्या दिवसाचं काम समजा आणि महामार्गाजवळच्या पहिल्या स्टेशनाला उतरा. पहिल्या तासात उतरणाऱ्याला एसटीत जागा मिळते.

तक्रार लिहायची तर अशी

"मालगाडीमुळे रोज उशीर" असं लिहिलं की कोणी वाचत नाही. गाडीचा क्रमांक, स्टेशन, कुठल्या लूपला, किती वाजता थांबली, मालगाडी किती वाजता गेली, आपली किती वाजता सुटली आणि मालगाडी कुठल्या प्रकारची होती, एवढं लिहा. शेवटचं महत्त्वाचं, कारण त्यावरून तो कुठला रेक होता ते त्यांच्या नोंदीत सापडतं. १३९ वर किंवा रेलमदतवर तक्रार टाकलीत की क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. पहिलं उत्तर बहुधा "परिचालनाच्या कारणास्तव" एवढंच येतं. त्यावर थांबू नका. आठवडाभराच्या अशाच नोंदी जोडून प्रवासी संघटनेकडून पाठवा आणि मागणी छोटी ठेवा: अमुक मेमू या वेळेत अमुक स्टेशनाऐवजी पेणला थांबवा, किंवा पनवेलच्या जोडगाडीला पाच मिनिटं धरून ठेवा.

आणि पत्ता नीट बघा. रोह्यापर्यंत मध्य रेल्वेचा मुंबई विभाग, कोलाडपासून पुढे कोकण रेल्वे. दिवा-सावंतवाडी गाडी आपटा-पेणला रखडली आणि तक्रार बेलापूरला कोकण रेल्वेच्या कार्यालयात गेली, तर ती तिथून फिरून येण्यातच पंधरा दिवस जातात.